झाक प्लांटचा मास्क : राखीव गोलरक्षक नसलेल्या रात्रीचा एक निर्णय

१ नोव्हेंबर १९५९ ची रात्र. न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा गोलरक्षक झाक प्लांट चेहऱ्यावर फायबरग्लासचा मास्क चढवून बर्फावर परतला. बर्फावरच्या हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, गोलरक्षकाच्या तोंडावर मास्क कायमचा आला तो त्या रात्रीपासून.

ही हकीकत बहुतेक ठिकाणी धाडसाची कथा म्हणून सांगितली जाते. पक (खेळातली रबरी चकती) तोंडावर आदळला, रक्त आलं, गड्याने मास्क बांधला आणि पुन्हा उभा राहिला. मला या प्रसंगात जास्त महत्त्वाची वाटते ती निर्णयाची बाजू. मास्क कित्येक आठवडे तयार होता. तो वापरून खेळता येतं हे सरावात रोज दिसत होतं. धोका किती आहे हे तर संघातल्या प्रत्येकाला माहीत होतं. अडलं होतं फक्त परवानगीपाशी, आणि ती परवानगी मिळाली तेव्हाही कुणाचं मत बदललेलं नव्हतं. त्या रात्री प्लांटच्या जागी उभं करायला माणूस नव्हता, एवढंच. कामाच्या जागी सुरक्षेची साधनं कशी येतात आणि कशी अडतात, हे समजून घ्यायला हे प्रकरण फार उपयोगी आहे.

पार्श्वभूमी

त्या काळी एनएचएलमध्ये सहाच संघ होते : मॉन्ट्रियल, टोरोंटो, डेट्रॉइट, शिकागो, बोस्टन आणि न्यू यॉर्क. प्रत्येक संघ सामन्याला एकच गोलरक्षक घेऊन उतरे. म्हणजे या दर्जाच्या गोलरक्षकाच्या नोकऱ्या जगात सहा. खालच्या लीगमध्ये ती जागा मिळावी म्हणून वाट पाहणारे कितीतरी. अशा ठिकाणी ‘मला दुखतंय’ म्हणण्याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

बाकावर दुसरा गोलरक्षक नसल्यामुळे एक रूढी पडली होती. गोलरक्षक जखमी झाला की खेळ थांबायचा, डॉक्टर टाके घालायचे आणि तोच माणूस परत गोलमध्ये उभा राहायचा. तो अगदीच उभा राहू शकला नाही, तर यजमान संघाने हाताशी ठेवलेला सरावाचा किंवा हौशी गोलरक्षक खेळायचा, आणि गरज पडली तर पाहुण्या संघाकडूनही तोच खेळायचा.

आता त्या माणसावर काय येऊन आदळायचं ते पाहू. पक म्हणजे कडक रबराची चकती, व्यास तीन इंच, जाडी एक इंच, वजन १५६ ते १७० ग्रॅम. ती बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात, त्यामुळे ती आणखी टणक होते. पन्नासच्या दशकात स्टिक मागे उंच नेऊन मारायचा ‘स्लॅप शॉट’ रुळला होता. प्लांटच्याच संघातला बर्नी जॉफ्रियाँ त्यासाठी नावाजलेला होता. या फटक्यात वेग जबरदस्त आणि दिशा बेभरवशाची. गोलचा आडवा दांडा बर्फापासून चार फुटांवर असतो आणि गोलरक्षक गुडघ्यात वाकून उभा असतो, म्हणजे त्याचा चेहरा नेमका पकच्या वाटेत. समोर आठ-दहा पाय आणि स्टिक्स. त्यांतून शेवटच्या क्षणी पक कुठून डोकं वर काढेल सांगता येत नाही.

१९५९ सालापर्यंत प्लांटच्या चेहऱ्याचा हिशेब असा होता : गालाचं हाड दोनदा मोडलेलं, नाक चार वेळा, आणि टाके दोनशेच्या आसपास. गालाच्या दोन्ही दुखापती सरावात, स्वतःच्याच सहकाऱ्यांच्या फटक्यांनी झालेल्या. त्यानंतर सरावात तो मास्क वापरू लागला.

प्लांट कोण होता हेही पाहायला हवं. क्वेबेकमध्ये १९२९ साली जन्मलेला, अकरा भावंडांत थोरला. लहानपणी दमा, म्हणून फार वेळ स्केटिंग जमेना आणि तो गोलमध्ये गेला. आईकडून विणकाम शिकला आणि पुढे नामवंत झाल्यावरही स्वतःच्या टोप्या स्वतः विणायचा. गोल सोडून मागे जाऊन पक अडवायचा आणि आपल्या बचावपटूकडे सरकवायचा. तेव्हा ते विचित्र वाटायचं, आज प्रत्येक गोलरक्षक ते करतो. ‘असंच करतात’ या उत्तरावर त्याचं समाधान व्हायचं नाही. आणि तो सर्वोत्तम संघाचा सर्वोत्तम गोलरक्षक होता. कॅनेडियन्सनी १९५६ पासून लागोपाठ चार स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएलची अजिंक्यपदं, जिंकले होते आणि सर्वांत कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाला मिळणारी व्हेझिना ट्रॉफी ती चारही वर्षं प्लांटकडे होती.

मास्कची कल्पना नवी नव्हती. १९२७ साली क्वीन्स विद्यापीठाच्या महिला संघातल्या एलिझाबेथ ग्रॅहमने तलवारबाजीची जाळी तोंडावर लावून गोल राखला होता. १९३० साली मॉन्ट्रियल मरून्सच्या क्लिंट बेनेडिक्टने नाक फुटल्यावर चामड्याचा मास्क घातला, पण त्यातून नीट दिसेना म्हणून थोड्याच सामन्यांत टाकून दिला. १९३६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जपानचा तेइजी होन्मा जाळीचा मास्क घालून खेळला. म्हणजे तीस वर्षं अधूनमधून कुणीतरी हा प्रश्न विचारत होतं, पण एनएचएलने उत्तर शोधायची जबाबदारी कधी घेतली नाही.

अडचण

१९५८ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, प्लांटच्या कपाळावर पक बसला. तो प्रसंग बिल बर्चमोर नावाच्या माणसाने पाहिला. बर्चमोर फायबरग्लास बनवणाऱ्या कंपनीत काम करायचा. त्याने प्लांटला पत्र लिहून सुचवलं की फायबरग्लासचा पातळ मास्क थेट चेहऱ्याच्या मापावर बनवता येईल. १९५९ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका रुग्णालयात प्लांटच्या चेहऱ्याचा साचा घेतला गेला : तोंडभर व्हॅसलीन, श्वासासाठी नळ्या, वरून प्लास्टर. त्या साच्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबरग्लासचे थर चढवून जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा मास्क तयार झाला. चेहऱ्याच्या रंगाचा, कातडीला चिकटून बसणारा, डोळ्यांना दोन भोकं आणि तोंडाशी एक फट. बेनेडिक्टच्या चामड्याच्या मास्कला जे जमलं नाही ते इथे जमलं होतं. डोळ्यांसमोर लोंबणारं काही नव्हतं.

प्रशिक्षक टो ब्लेकने सरावात मास्क घालायला हरकत घेतली नाही. सामन्यात मात्र नाही म्हणजे नाही. त्याची कारणं नीट ऐकायला हवीत, कारण ब्लेक काही दगडाच्या काळजाचा माणूस नव्हता. तो स्वतः मोठा खेळाडू होता, पाय मोडल्यामुळे १९४८ मध्ये त्याची कारकीर्द संपली होती. त्याचं म्हणणं असं की मास्कमुळे पायाशी आलेला पक दिसत नाही. दुसरं, मास्क घातलेला गोलरक्षक घाबरला आहे असं समोरच्यांना वाटेल, आणि पुढे तो खरंच निर्धास्त, सुस्त होईल. पहिला आक्षेप तपासून पाहण्यासारखा होता. दुसऱ्याची तपासणी कशी करणार? ‘त्याची हिंमत कमी झाली’ हे विधान कुठल्याही हरलेल्या सामन्यानंतर करता येतं आणि खोडता कधीच येत नाही.

प्लांटला दाद मागायला जागाही नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, १९५७ मध्ये, डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना उभी करायचा प्रयत्न केला होता. प्लांटचाच सहकारी डग हार्वी त्यात पुढे होता. क्लब मालकांनी तो प्रयत्न मोडून काढला. लिंडसेला त्याच उन्हाळ्यात शिकागोला पाठवून देण्यात आलं. बाकीच्यांनी त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं.

अशा परिस्थितीत १ नोव्हेंबरची रात्र आली. सामना सुरू होऊन तीन मिनिटं झाली असतील. न्यू यॉर्क रेंजर्सच्या अँडी बाथगेटने जवळून उलट्या हाताने मारलेला फटका प्लांटच्या तोंडावर बसला. नाकापासून ओठापर्यंत जखम उघडली. पुढे बऱ्याच वर्षांनी बाथगेटने सांगितलं की तो फटका त्याने मुद्दामच तोंडाच्या दिशेने मारला होता, कारण त्याआधी प्लांटने त्याला पाडून रिंकच्या कठड्यावर आदळवलं होतं. त्या क्षणी हे कुणाला ठाऊक नव्हतं. प्लांट टॉवेल तोंडाला लावून आत गेला. सात टाके पडले.

समोरचे पर्याय

उपचाराच्या खोलीत दोन माणसं निर्णय घेत होती, आणि दोघांचे पर्याय वेगवेगळे होते.

प्लांटपुढचा रूढ मार्ग म्हणजे टाके ओले असतानाच उघड्या तोंडाने परत जाणं. आजवर त्याने आणि प्रत्येक गोलरक्षकाने तेच केलं होतं. ‘आज खेळत नाही’ म्हणणं हा दुसरा मार्ग. त्यात त्या रात्रीपुरती सुटका होती, पण पुढच्या सामन्याला तोच प्रश्न उभा राहिला असता, शिवाय माघार घेतल्याचा शिक्का बसला असता. त्याने तिसरा मार्ग धरला : खेळायला तयार आहे, पण मास्क घालूनच. हा पर्याय हुशारीचा होता. त्यात तो काम नाकारत नव्हता. नकाराची जबाबदारी त्याने अलगद ब्लेकच्या पदरात टाकली.

ब्लेक आता कात्रीत सापडला. जबरदस्ती करायला हातात काही नव्हतं. घरी पाठवायची धमकी ज्याच्या जागी दुसरा आहे त्यालाच देता येते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला हौशी गोलरक्षक घ्यायचा, तर सामना जवळजवळ सोडून दिल्यासारखाच. एखाद्या बचावपटूला पॅड बांधून उभं करणं त्याहून वाईट. उरला मास्क.

मला इथे एक गोष्ट विलक्षण वाटते. दुसरा गोलरक्षक न ठेवण्याची पद्धत ही क्लबांच्या खर्चबचतीची पद्धत. एरवी तिचा सगळा भार जखमी गोलरक्षकावर पडायचा. त्या वीस मिनिटांत मात्र तीच पद्धत क्लबवर उलटली.

काय केलं

ब्लेकने होकार दिला, पण अट घालून. जखम भरेपर्यंतच मास्क, नंतर काढायचा. प्लांटने त्या वेळी वाद वाढवला नाही.

साधारण वीस मिनिटांनी तो बाहेर आला. जर्सीवर रक्ताचे डाग, चेहऱ्याच्या जागी पांढुरकं, भावहीन कवच. त्या दिवसाची छायाचित्रं आजही अंगावर येतात. माणूस ओळखू येतो तो फक्त जर्सीवरच्या एक क्रमांकावरून आणि उभं राहण्याच्या ढबीवरून. कॅनेडियन्सनी सामना ३-१ ने जिंकला. रेंजर्सचा एकमेव गोल तिसऱ्या सत्रात कॅमिल हेन्रीने केला.

पुढच्या सामन्यांत प्लांट मास्क घालूनच उतरत राहिला आणि संघ हरेना. त्या हंगामात कॅनेडियन्स सलग १८ सामने अपराजित राहिले. त्यांतले ११ सामने प्लांट मास्क घालून खेळला होता. जखम केव्हाच भरली होती. अटीची आठवण करून द्यायला ब्लेककडे निमित्त उरलं नाही.

तरी ब्लेकने एकदा प्रयत्न केलाच. ८ मार्च १९६० रोजी डेट्रॉइटमध्ये त्याच्या विनंतीवरून प्लांट मास्कशिवाय खेळला. कॅनेडियन्स ०-३ असे हरले. पुढच्या सामन्याला मास्क परत आला आणि मग तो विषयच संपला.

परिणाम

त्या हंगामाच्या प्लेऑफमध्ये कॅनेडियन्सनी शिकागोला ४-० आणि टोरोंटोला ४-० असं हरवून लागोपाठ पाचवा स्टॅन्ले कप जिंकला. एकही सामना गमावला नाही. अखेरच्या लढतीत प्लांटने गोल होऊ दिला नाही. पाचवी व्हेझिनाही त्यालाच मिळाली. १९६२ मध्ये तर त्याला लीगमधल्या सर्वांत मौल्यवान खेळाडूची हार्ट ट्रॉफी मिळाली, जी गोलरक्षकाच्या वाट्याला क्वचितच येते. दिसत नाही, हिंमत जाते, हे दोन्ही आक्षेप लोकांच्या लेखी बर्फावरच निकालात निघाले.

लीगमधले बाकीचे गोलरक्षक मात्र लगेच बदलले नाहीत. डेट्रॉइटचा टेरी सॉचुक १९६२ मध्ये मास्ककडे वळला. त्या रात्री समोरच्या गोलमध्ये असलेला गंप वर्स्ली अगदी शेवटच्या हंगामापर्यंत उघड्या तोंडाने खेळला आणि १९७३-७४ मध्ये निवृत्तीच्या उंबरठ्यावर मोजके सामने मास्क घालून खेळला. मास्कशिवाय खेळणारा एनएचएलचा शेवटचा गोलरक्षक पिट्सबर्गचा अँडी ब्राउन, एप्रिल १९७४ मध्ये. म्हणजे साडेचौदा वर्षं लागली.

मास्कची किंमत प्लांटला पुढे आणखी एकदा कळली. १९७० च्या अंतिम फेरीत तो सेंट लुईस ब्लूजकडून बोस्टनविरुद्ध खेळत होता, वय एक्केचाळीस. फ्रेड स्टॅनफिल्डचा फटका फिल एस्पोझिटोच्या स्टिकला लागून वर उडाला आणि सरळ मास्कवर, कपाळाच्या जागी आदळला. प्लांट कोसळला, त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. शुद्धीवर आल्यावर, मास्क नसता तर आपण वाचलो नसतो, असं त्याने सांगितलं.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा १ नोव्हेंबरच्या बरीच आधीची आहे. ब्लेकने सरावात मास्क चालवून घेतला तेव्हाच त्याचा पहिला आक्षेप तपासायची संधी होती. त्याच सरावात पायाशी पक टाकून, मास्कसह आणि मास्कशिवाय, प्लांट किती अडवतो हे मोजता आलं असतं. हंगामापूर्वीचे मैत्रीपूर्ण सामने तर त्यासाठी हक्काचे. गुण जात नाहीत, कप जात नाही. ब्लेकसारख्या बारकाईने संघ चालवणाऱ्या माणसाने हे केलं नाही, याचं कारण मला असं दिसतं की दृष्टीचा आक्षेप पुढे होता, पण खरा अडसर हिमतीचाच होता.

दुसरी जागा म्हणजे ब्लेकची ‘जखम भरेपर्यंत’ ही अट. वरवर ती अडवणूक वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळे ब्लेकला शब्द न फिरवता होकार देता आला आणि प्लांटला हवा होता तो वेळ मिळाला. तत्त्वाचा निकाल त्याच खोलीत लावायचा हट्ट प्लांटने धरला असता, तर सामना अडला असता आणि प्रेक्षक ब्लेकच्या बाजूने गेले असते. अट मान्य करून काम सुरू करायचं, मुदत आपोआप विरू द्यायची, हा त्याचा निर्णय मला त्या रात्रीचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

तिसरी जागा खटकणारी आहे. मास्क राहिला तो संघ जिंकत राहिला म्हणून. समजा पहिल्याच आठवड्यात चार गोल झाले असते आणि कॅनेडियन्स हरले असते, तर? प्रत्येक गोलचं खापर मास्कवर फुटलं असतं. वास्तविक जिंकण्या-हरण्यावरून मास्कबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. डेट्रॉइटमधला एक पराभवही तसाच, त्यावरून मास्कच्या बाजूने काही म्हणता येत नाही, जरी तेव्हा सगळ्यांनी तसंच म्हटलं. ज्याच्या तोंडावर पक येतो त्यानेच साधन शोधायचं, त्यानेच बनवून घ्यायचं, आणि वर ते निर्दोष आहे हे सामने जिंकून दाखवायचं, असा हा सौदा होता. हे ओझं लीगने उचलायला हवं होतं.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागून भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारातून परत आला. तरी कसोटी क्रिकेटमध्ये हेल्मेट यायला १९७८ साल उजाडावं लागलं. धोका डोळ्यांनी पाहिला म्हणून साधन येतं, असं दोन्ही खेळांत घडलेलं नाही.

प्लांटकडून एक गोष्ट राहून गेली असंही म्हणता येईल. सहाच गोलरक्षक होते. दोघा-तिघांनी मिळून मागणी केली असती, तर ‘एकट्याचा भित्रेपणा’ हा आरोप टिकला नसता. पण लिंडसेचं काय झालं ते ताजं होतं, आणि त्या सहा जागांसाठी हे सहा जण एकमेकांचे स्पर्धकही होते. त्यामुळे हा दोष मी त्याच्या पदरात टाकणार नाही.

राखीव गोलरक्षकाचा नियम एनएचएलने १९६५ मध्ये केला. प्रत्येक सामन्याला दोन गोलरक्षक तयार ठेवणं सक्तीचं झालं. सुधारणा चांगलीच, जखमी माणसाला विश्रांती देणारी. पण ती सहा वर्षं आधी झाली असती, तर १ नोव्हेंबरला ब्लेकने प्लांटला बाकावर बसवून दुसऱ्याला पाठवलं असतं आणि मास्क कपाटातच राहिला असता. प्लांटची मागणी मान्य झाली ती लीगच्या एका उणिवेमुळे, हे लक्षात घेतलं की त्या रात्रीला लीगची सुधारणा म्हणता येत नाही.

याची खात्री पटते ती बाकीच्या खेळाडूंच्या हेल्मेटकडे पाहिल्यावर. जानेवारी १९६८ मध्ये मिनेसोटाचा बिल मास्टरटन धडकेनंतर डोक्यावर पडला आणि दोन दिवसांनी वारला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तेव्हाही ते ऐच्छिकच राहिलं. सक्ती झाली १९७९ मध्ये, तीही नव्याने करार करणाऱ्यांसाठी. जुन्यांना लिहून देऊन सूट होती. त्या सवलतीवर क्रेग मॅकटाव्हिश १९९७ पर्यंत उघड्या डोक्याने खेळत होता.